घोट्याची खबर आणि शेरिंग्टन

ठाणे-डोंबिवलीत बास्केटबॉल खेळणाऱ्या एखाद्या मुलाचा घोटा वरचेवर मुरगळू लागला, की फिजिओथेरपिस्ट त्याला एका पायावर उभे करतात. कधी डोळे मिटून, कधी डगमगत्या फळीवर. या व्यायामाचे मूळ चार्ल्स शेरिंग्टन यांच्या संशोधनात आहे.

शेरिंग्टन १८५७ साली लंडनमध्ये जन्मले. केंब्रिजला शिकताना ते रग्बी खेळत, होडी वल्हवत. स्नायूंच्या चेतातंतूंचे काम फक्त मेंदूचा हुकूम पोचवण्याचे, असे कुणालाही वाटेल. पण त्यांतले एक-तृतीयांश ते निम्मे तंतू उलट दिशेने, स्नायूंकडून खबर आणतात, हे शेरिंग्टन यांनी १८९४ साली दाखवले. न बघताही पाय कुठे, किती वळला आहे हे कळते ते अशा खबरीमुळेच. या जाणिवेला १९०६ साली त्यांनी दिलेले प्रोप्रिओसेप्शन हे नाव आजही चालते. नोबेल मिळायला मात्र १९३२ उजाडले. ते तेव्हा पंचाहत्तरीला आले होते.

१९५२ साली ते वारले. पुढे १९६५ मध्ये मायकेल फ्रीमन यांनी हाच धागा घोट्यापर्यंत नेला. मुरगळताना अस्थिबंधातले खबर देणारे तंतूही दुखावतात आणि तोल साधण्याच्या व्यायामाने घोटा दगा देणे कमी होते, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे मात्र सूज उतरली की मुलगा थेट कोर्टवर!