ठिणगीपासून तुषारापर्यंत

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडची पहाडी आहे. माडिया-गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या या पहाडाच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. ते वाहून नेणाऱ्या अवजड ट्रकांनी गेल्या काही वर्षांत या भागाचे रूप पालटले. खनिजाने भरलेला ट्रक चढण चढू लागला की त्याच्या इंजिनात डिझेलचे सूक्ष्म तुषार प्रचंड दाबाने सोडले जातात. हे तंत्र प्रत्यक्षात आणून घरोघरच्या वाहनांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्या रॉबर्ट बॉश यांचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. नाशिकमधील कारखान्यात इंधन फवारणीचे सुटे भाग तयार होतात आणि तेथील मायको सर्कल हा चौक त्याच उद्योगाच्या जुन्या नावाने ओळखला जातो. तथापि, या नावामागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक नाही.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांपैकी ते अकरावे. वडील शेती आणि खाणावळ सांभाळणारे सुखवस्तू गृहस्थ होते. शालेय शिक्षणात रॉबर्ट यांचे मन रमले नाही. उल्म येथे त्यांनी सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केली. पुढे १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले, एडिसन यांच्या उद्योगात काम केले आणि इंग्लंडमार्गे मायदेशी परतले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांनी एक लहानशी कार्यशाळा उघडली. सोबतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा, एवढाच पसारा होता. टेलिफोन, विजेची घंटा अशी मिळेल ती कामे करत पहिली काही वर्षे ओढाताणीत गेली.

त्या काळातील इंजिनांपुढे दोन प्रश्न होते. इंधन आणि हवा यांचे मिश्रण योग्य प्रमाणात कसे करावे, हा पहिला. आणि ते नेमक्या क्षणी कसे पेटवावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये तुषार उडविणाऱ्या कार्बोरेटरच्या रूपाने दिले. अरुंद नळीतून हवा वेगाने वाहिली की तेथील दाब घटतो आणि पेट्रोल आपोआप ओढले जाते, असे त्याचे साधे तत्त्व. दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा बॉश यांनी केला. एका ग्राहकाच्या मागणीवरून १८८७ मध्ये त्यांनी स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला होता. १८९७ मध्ये तो तीनचाकी मोटारीवर बसविण्यात यश आले. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली आणि बॉश यांचे नाव जगभर पोहोचले.

पैसा आला, तसा त्याच्या विनियोगाचा विचारही आला. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत ही सुधारणा करणाऱ्या पहिल्या काही उद्योजकांत त्यांची गणना होते. तरीही १९१३ मध्ये त्यांच्याच कारखान्यात मोठा संप झाला आणि मालक-कामगार संबंध केवळ सदिच्छेवर चालत नाहीत, याचा अनुभव त्यांना आला. पहिल्या महायुद्धात लष्करी मागणीमुळे नफ्याचा ओघ वाढला. हा पैसा स्वतःकडे ठेवणे त्यांच्या मनाला पटेना. सुमारे दोन कोटी मार्क त्यांनी नेकार नदीवरील जलमार्गासह लोकोपयोगी कामांना दिले. युद्धाने त्यांची अमेरिकेतील मालमत्ता हिरावली आणि १९२१ मध्ये एकुलता मुलगा दीर्घ आजाराने गेला.

वयाची साठी ओलांडल्यावर, १९२२ च्या अखेरीस त्यांनी आयुष्यातील दुसरा मोठा निर्णय घेतला. डिझेल इंजिनासाठी इंधन फवारणीचा पंप तयार करण्याचा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक घडण लागणारे ते काम होते. पाच वर्षांच्या प्रयत्नांनंतर १९२७ मध्ये पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि डिझेलवर चालणारा मालट्रक व्यवहार्य ठरला. पुढे हेच तंत्र पेट्रोल इंजिनाकडे वळले, मात्र आधी मोटारींसाठी नव्हे, तर जर्मन लढाऊ विमानांसाठी.

बॉश यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रकरण येथूनच सुरू होते. नाझी राजवटीबद्दल त्यांना तिटकारा होता. त्यांच्या कंपनीचे प्रमुख हान्स वाल्झ यांनी अनेक ज्यूंना मदत केली आणि हिटलरविरोधी कटातील कार्ल ग्योर्डेलर यांना कंपनीने सल्लागारपदाचा आश्रय दिला. परंतु त्याच कंपनीने युद्धसामग्री पुरविली आणि युद्धकाळात हजारो वेठबिगार राबविले, हेही तितकेच खरे आहे. १२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले तेव्हा ज्या राजवटीचा त्यांना तिरस्कार होता, तिनेच त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला. मृत्यूपूर्वी केलेल्या व्यवस्थेनुसार पुढे १९६४ मध्ये कंपनीचे बहुतांश भागभांडवल सार्वजनिक हिताच्या कामासाठी वाहून घेतलेल्या संस्थेकडे गेले. आजही ९० टक्क्यांहून अधिक भाग तिच्याकडेच आहेत.

त्यांच्या पश्चात कार्बोरेटरचे दिवस भरत गेले. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या मोटारीत पेट्रोलची थेट फवारणी आली. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकाअखेरीस इलेक्ट्रॉनिक फवारणीचा प्रयोग केला; पण तेव्हाचे सुटे भाग तग धरू शकले नाहीत आणि अशा अनेक मोटारींना पुन्हा कार्बोरेटर बसवावे लागले. १९६७ मध्ये बॉश कंपनीने फोक्सवॅगन १६०० मध्ये ही पद्धत यशस्वी करून दाखविली. संवेदक हवेचा दाब व तापमान मोजतात आणि किती मिलिसेकंद पेट्रोल सोडायचे ते इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरविते. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला.

आता जुन्या मोटारींचे शौकीनही हा बदल करू पाहतात. त्यासाठी जास्त दाबाचा पंप, जादा इंधन टाकीत परतविणारी नळी, धुराड्यात प्राणवायूचा संवेदक आणि नियंत्रक यंत्रणा बसवावी लागते. थंडीत गाडी चटकन सुरू होते, पेट्रोल वाचते, धूर घटतो. मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला विंटेज नोंदणी हवी असेल, तर त्याचे मूळ रूप राखलेले असावे लागते आणि इंजिनातील मोठे फेरफार त्यात बसत नाहीत. म्हणून जाणकार मंडळी काढलेला कार्बोरेटर जपून ठेवतात.

सूरजागडच्या खाणीला अनेक ग्रामसभांनी विरोध केला. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे नक्षलवाद्यांनी ७० हून अधिक वाहने जाळली. त्यानंतर काही वर्षांनी उत्खनन पुन्हा सुरू झाले आणि रोजगाराबरोबर धूळ, अपघात आणि जंगलाचे प्रश्नही आले. लोखंड निघते, इंजिने धावतात, नफा होतो. तो कोणाच्या वाट्याला जावा, हा वाद मात्र मिटत नाही. स्टुटगार्टच्या त्या कारागिराने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी स्वतःला विचारला आणि आपल्या परीने, अपुरे का होईना, उत्तर दिले. त्यांच्या यंत्रांइतकेच ते उत्तरही अभ्यासण्याजोगे आहे.