खिळे घासता घासता

‘निर्णयसागर’ म्हटले की संस्कृतच्या जुन्या विद्यार्थ्यांची मान आदराने लवते. पण तो छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजी चौधरींची आठवण कितीजणांना असेल, कोण जाणे. १८३९ साली गरीब घरात जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात लागला. काम खिळे घासायचे, पगार दरमहा दोन रुपये. जावजींविषयी लिहिणारे एवढे सांगून पुढच्या वैभवाकडे धावतात. मला मात्र त्या दोन रुपयांच्या कामापाशीच थांबावेसे वाटते.

शिशाचा खिळा साच्यातून निघतो तेव्हा त्याला शेपूट असते, कडांना बारीक कंगोरे असतात. शेपूट मोडायचे, बाजू घासून साफ करायच्या. ऐकायला हमालीच! पण देवनागरीची शिरोरेषा एका खिळ्यावरून शेजारच्या खिळ्यावर अखंड गेली पाहिजे. कंगोरा राहिला की रेघ तुटते, हात जास्त चालला की अक्षरे एकमेकांना खेटतात. उंचीत केसभर फरक पडला तर एक अक्षर कागदात रुतते आणि शेजारचे पुसट उठते. त्यात जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो निरनिराळे खिळे. किती घासायचे हे शेवटी बोटांनाच कळावे लागते, आणि बोटांना ते कळायला वर्षे जातात. त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्यासारखा नागरी अक्षरांचा जाणकार होता, हे या पोराचे भाग्य.

पुढे दुसऱ्या छापखान्यांतही नोकऱ्या झाल्या. १८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना.

अक्षरे कोरणारा हात मात्र त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचा. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते कडक करून तांब्यात ठोकायचे आणि त्या खोलगट ठशात शिसे ओतायचे. कोरताना एक कण जास्त उडाला तर तो परत चिकटवता येत नाही. राणोजींचा हात आणि जावजींची नजर अशी ती जोडी होती, असे मी मानतो. ती नजर खिळे घासता घासताच तयार झाली असणार.

१८८६ साली ‘काव्यमाला’ सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी शोधून, तपासून दिलेले ग्रंथ निर्णयसागरने छापले. माझ्याजवळच्या एका जुन्या प्रतीत मूळ श्लोक ठसठशीत आणि खाली बारीक टाइपात टीका आहे. भिंगाखाली धरली तरी त्या बारीक ओळीतली रेघ सहसा तुटलेली दिसत नाही.

१८९२ साली जावजी गेले. चिरंजीव तुकाराम जावजींनी छापखाना पुढे चालवला. माझ्या प्रतीच्या मुखपृष्ठावर संपादक पंडितांची नावे आहेत, छापखान्याच्या मालकाचे आहे. राणोजींचे नाव कुठे नाही. त्यांची अक्षरे तेवढी आहेत.