बर्फ वितळला आणि सुवर्णपदक गेलं! ऑलिम्पिक स्केटर आयर्विंग जॅफीची गोष्ट

ऑलिम्पिकचं सुवर्णपदक एकदा जिंकलं की ते आयुष्यभराचं, असा सगळ्यांचा समज असतो. पण अमेरिकेत एक असा गडी होऊन गेला, ज्याचं एक सुवर्णपदक उन्हाने नेलं आणि दोन गरिबीने.

त्याचं नाव आयर्विंग जॅफी.

जॅफीचा जन्म 1906 सालचा, न्यूयॉर्कचा. घरचे रशियातून आलेले ज्यू. पोरगा स्केट्स घालून बर्फावर पळायला शिकला आणि 1928 मध्ये थेट स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला, हिवाळी ऑलिम्पिकला पोहोचला.

तेव्हा लांब पल्ल्याच्या स्पीड स्केटिंगमध्ये दबदबा होता नॉर्वे आणि फिनलंडचा. 5 हजार मीटरमध्ये जॅफी चौथा आला. मग आली 10 हजार मीटरची शर्यत.

युरोपातला नियम असा, की एका वेळी दोनच खेळाडू धावणार आणि शेवटी ज्याची वेळ सगळ्यात कमी तो विजेता. जॅफीच्या जोडीला होता नॉर्वेचा बर्न्ट एव्हन्सन. जॅफीने त्याला मागे टाकलं, तेही फक्त 0.1 सेकंदाने. वेळेच्या यादीत जॅफी पहिला.

पण इतक्यात ऊन वाढलं. बर्फ मऊ पडला, पाणी साचायला लागलं आणि उरलेल्या जोड्या धावण्याआधीच पंचांनी शर्यत थांबवली.

आता विजेता कोण?

ऑलिम्पिक समितीचा कौल जॅफीच्या बाजूने पडला. नॉर्वेच्या खेळाडूंनीही त्यालाच विजेता मानलं. पण आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघ अडून बसला. सगळे धावलेच नाहीत, म्हणून शर्यतच रद्द. पुन्हा घ्यावी तर खेळाडू घरी परतू लागलेले. आजही 1928 च्या 10 हजार मीटरपुढे कुणाचंच नाव नाही.

चार वर्षांनी ऑलिम्पिक अमेरिकेतच, लेक प्लॅसिडला भरलं. यावेळी नियम अमेरिकन होते. सगळ्यांनी एकदमच सुटायचं, जो रेषा आधी पार करेल तो जिंकला. युरोपच्या खेळाडूंना ही पद्धत नवी होती. त्यात जागतिक मंदी, त्यामुळे बरेच जण आलेच नाहीत. फिनलंडचा दिग्गज क्लास थुनबर्गही आला नाही.

जॅफीने आधी 5 हजार मीटर मारली. मग 10 हजार. त्यात दुसरा आला नॉर्वेचा ईव्हार बालांगरुड, म्हणजे 1928 चा 5 हजार मीटरचा विजेता. अवघ्या काही मीटरचा फरक. जी शर्यत चार वर्षांपूर्वी कागदावरून पुसली गेली होती, तीच जॅफीने सगळ्यांसमोर जिंकली.

घरच्या नियमांचा फायदा झाला, अशी कुजबुज मात्र मागे उरलीच.

तेव्हाचं ऑलिम्पिक हौशी खेळाडूंचं. पदक मिळायचं, पैसा नाही. मंदीत जॅफीवर पदकं गहाण टाकायची वेळ आली. पुढे ती सोडवायला गेला, तर ते दुकानच जाग्यावर नव्हतं. दोन्ही सुवर्णपदकं कायमची गेली.

पण गड्याने बर्फ सोडला नाही. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात ग्रॉसिंगर्स नावाचं मोठं रिसॉर्ट होतं. तिथे त्याने काम धरलं आणि पुढच्या पिढीला स्केटिंग शिकवलं. 1981 मध्ये त्याचं निधन झालं.

गंमत बघा, ज्या 'सगळे एकदम सुटा' पद्धतीमुळे त्याच्या विजयावर बोट ठेवलं गेलं, तीच पद्धत 2018 पासून 'मास स्टार्ट' नावाने ऑलिम्पिकमध्ये परत आली.

पदकं हातात राहिली नाहीत, पण 1932 च्या दोन्ही शर्यतींपुढे नाव मात्र आजही जॅफीचंच आहे.