गॅस कंपनीतल्या कारकुनाने आईचं फर्निचर हातगाडीवर लादलं आणि नाकारलेल्या नाटकांना स्टेज मिळालं

नवीन नाटक लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, सगळ्यात अवघड काय असतं? लिहिणं नाही. लिहून झालेली संहिता कुणीतरी वाचणं आणि ती स्टेजवर आणणं.

निर्माता म्हणतो, नाव असलेला लेखक आणा. लेखक म्हणतो, नाटक लागल्याशिवाय नाव कसं होणार? या घोळात कितीतरी चांगली नाटकं कपाटातच राहतात. हे आजचं नाही. 1880 च्या दशकात पॅरिसमध्येही हेच चालू होतं, आणि तिथे हा घोळ सोडवला तो गॅस कंपनीत महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या एका कारकुनाने.

त्याचं नाव आंद्रे आंत्वान.

जन्म 1858 चा, फ्रान्समधल्या लिमोझ गावचा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली आणि पोरगा पॅरिसमध्ये मिळेल ती नोकरी करू लागला. पण नाद नाटकाचा. पॅरिसच्या थिएटरांमध्ये तेव्हा ठरलेल्या जागी टाळ्या वाजवायला पैसे देऊन माणसं बसवायचे. आंत्वान त्या टोळीत घुसला, म्हणजे नाटक फुकट बघायला मिळतं. कधी गर्दीच्या सीनमध्ये उभं राहण्याचं कामही केलं. अभिनय शिकायला सरकारी नाट्यशाळेत प्रवेश मागितला, तर त्यांनी नापास केलं. मग सक्तीची लष्करी नोकरी आली. ती संपवून परत आल्यावर गॅस कंपनीत चिकटला.

दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी माँमार्त्र भागातलं एक हौशी नाट्यमंडळ, असं सुरू झालं. हे मंडळ जुनीच, सगळ्यांनी पाहिलेली नाटकं पुन्हा करायचं. आपल्याकडे गणपतीत दरवर्षी तेच तीन अंकी बसवतात ना, तसं. आंत्वानने सुचवलं की आपण कुणीच न केलेलं नाटक करूया.

शोधाशोध केल्यावर चार एकांकिका हाती आल्या. त्यातली एक होती 'झाक दामूर', एमिल झोलाच्या कथेवरून लेओं हेनिकने लिहिलेली. पॅरिसच्या मोठ्या ओदेओं थिएटरने ती आधीच नाकारली होती.

आता झोला म्हणजे त्या काळातलं सगळ्यात वादग्रस्त नाव. मंडळाचे चालक निवृत्त लष्करी अधिकारी होते, ते घाबरले. आमचं नाव वापरायचं नाही म्हणाले, आणि हॉल हवा असेल तर भाडं भरा. मंडळातले बरेचसे सभासदही बाजूला झाले. मग आंत्वानने प्रयोगासाठी नवंच नाव काढलं, 'तेआत्र लीब्र'. मराठीत सांगायचं तर मुक्त रंगभूमी.

तालमीला जागा नव्हती, म्हणून एका दारूच्या दुकानामागची खोली पकडली. प्रयोगाची तारीख ठरली 30 मार्च 1887. महिनाअखेर का? तर पगार तेव्हा हातात येणार होता आणि खर्च त्यातूनच भागवायचा होता. नेपथ्याला पैसे उरलेच नाहीत, तेव्हा आंत्वानने आईच्या घरातलं जेवणघराचं टेबल आणि खुर्च्या हातगाडीवर लादल्या आणि ती गाडी रस्त्याने ओढत थिएटरपर्यंत आणली.

जेमतेम साडेतीनशे खुर्च्यांचा तो हॉल एका गल्लीत होता. (ती गल्ली आज आंत्वानच्या नावाने ओळखली जाते.) पहिल्या एकांकिका फारशा जमल्या नाहीत. शेवटी लागली 'झाक दामूर'. त्यात मुख्य भूमिका स्वतः आंत्वानची. बाहेर सगळे मेला समजत असलेला एक कैदी कित्येक वर्षांनी परत येतो आणि बघतो तर बायकोने दुसरा संसार थाटलाय. आंत्वान ते काम शांतपणे, घरात बोलावं तसं बोलत करून गेला, आणि स्टेजवर होतं घरातलंच टेबल. पॅरिसच्या प्रेक्षकाला हात उंचावून, समोर बघून फेकलेल्या वाक्यांची सवय होती. हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. झोला तर रंगीत तालमीलाच येऊन खूश होऊन गेला होता.

आणि गंमत बघा, ज्या ओदेओंने ही एकांकिका नाकारली होती, त्याच ओदेओंने नंतर ती स्वतःकडे लावली.

मे महिन्यात दुसरा प्रयोग झाला. त्यातली एक एकांकिका ऑस्कर मेतेनिये या लेखकाची होती, जो पोलीस खात्यात कारकुनी करायचा. हा प्रयोगही गाजला आणि आंत्वानने गॅस कंपनीचा राजीनामा दिला.

पण पुढचे पैसे येणार कुठून?

त्याने वर्गणीदार गोळा करायचं ठरवलं. हजारावर पत्रं स्वतःच्या हाताने लिहिली. टपालखर्च परवडत नव्हता म्हणून पॅरिसभर पायपीट करून ती घरोघरी स्वतःच टाकली. वर्षाची वर्गणी भरा आणि ठरावीक प्रयोग बघा, इतकी साधी योजना.

या योजनेचा एक जबरदस्त फायदा होता. फ्रान्समध्ये तेव्हा नाटकाला सेन्सॉर होतं, ते थेट 1906 मध्ये उठलं. पण खिडकीवर तिकीट विकलंच नाही, तर प्रयोग खाजगी ठरतो आणि सेन्सॉरची परवानगी लागत नाही. आपल्याकडे 1972 साली 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली, हे आठवलं की या पळवाटेची किंमत कळते. अर्थात पळवाट वर्गणीदारांपुरतीच होती. 'ला फीय एलिझा' हे एका वेश्येवरचं नाटक त्याने 1890 मध्ये वर्गणीदारांसमोर केलं, तेव्हा काही अडलं नाही. तेच सर्वांसाठी लावायचं म्हटल्यावर सरकारने बंदी घातली आणि विषय संसदेपर्यंत गेला.

याच काळात टॉलस्टॉयच्या 'अंधाराची सत्ता' या नाटकावर रशियात बंदी होती. फ्रान्समधल्या तीन बड्या नाटककारांनी, त्यात धाकटा द्यूमाही आला, हे नाटक आपल्याकडे चालणारच नाही असं जाहीर मत दिलं. आंत्वानने ते फेब्रुवारी 1888 मध्ये लावलं आणि चाललं. 1890 ला इब्सेनचं 'घोस्ट्स' केलं. त्यात आजारी मुलाची, ओस्वाल्डची भूमिका त्याचीच. 1893 मध्ये स्ट्रिंडबर्गचं 'मिस ज्युली' आणि हाऊप्टमानचं 'विणकर' ही दोन्ही नाटकं केली. भुकेल्या विणकरांच्या बंडावरचं हे दुसरं नाटक जाहीरपणे करायला जर्मनीतच पोलिसांनी मनाई केली होती.

पण मला विचाराल तर त्याचं मोठं काम या परदेशी नावांपेक्षा वेगळं आहे. तो अनोळखी माणसांच्या संहिता वाचायचा. फ्रान्स्वा द क्युरेल नावाच्या लेखकाला मोठ्या थिएटरांनी दारात उभं केलं नव्हतं. त्याने आंत्वानकडे तीन नाटकं पाठवली, तीन वेगवेगळ्या नावांनी. आंत्वानने तिन्ही निवडली, आणि तिघंही एकच माणूस आहेत हे त्याला मागून कळलं! नाव न बघता नाटक निवडणं म्हणजे काय, याचं यापेक्षा सरळ उदाहरण मला तरी माहीत नाही. ब्रिय आणि कुर्तलीन हे पुढे फ्रान्समध्ये गाजलेले नाटककारही याच स्टेजवरून पुढे आले.

त्याच्या काही गोष्टींची टिंगलही व्हायची. 1888 मध्ये खाटकांवरच्या एका नाटकात त्याने स्टेजवर खरं मांस टांगलं. नट प्रेक्षकांकडे पाठ करून बोलायचे, त्यावरून चिडवाचिडवी चालायची. त्याचं म्हणणं असं की खोली आधी चारही भिंतींसकट मांडायची आणि मग ठरवायचं की प्रेक्षकांसाठी कुठली भिंत काढायची. टांगलेलं मांस हा अतिरेकच होता, पण भिंतीचा मुद्दा जगभर टिकला.

आता हिशोबाकडे येऊ. एक कार्यक्रम वर्गणीदारांसाठी साधारण एकच रात्र चालायचा. म्हणजे तालमी महिनाभर आणि उत्पन्न एका रात्रीचं. त्यात एखादा लेखक किंवा नट गाजला रे गाजला की मोठी थिएटरं जास्त पैसे देऊन त्याला उचलायची. निवडायचं आंत्वानने आणि कमवायचं दुसऱ्यांनी. शंभराहून जास्त नाटकं केल्यानंतर 1894 मध्ये एक लाख फ्रँकचं कर्ज डोक्यावर घेऊन त्याने तेआत्र लीब्र सोडलं.

तोवर बाहेर मात्र त्याचं बघून बरंच काही सुरू झालं होतं. बर्लिनमध्ये 1889 ला 'फ्राय ब्यूने' निघालं, लंडनमध्ये 1891 ला 'इंडिपेंडंट थिएटर'. बर्नार्ड शॉचं पहिलं नाटक 1892 मध्ये या लंडनच्या संस्थेनेच केलं. आपल्याकडे 1933 मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, ते नॉर्वेच्या ब्यॉर्नसनच्या नाटकावरून. युरोपातल्या या नव्या नाटकाचा वारा इतक्या लांब पोचला होता. पुढे दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं व्हायची, ते वाचलेल्या-ऐकलेल्या कुणालाही आंत्वानची गल्ली परकी वाटणार नाही.

त्याने 1897 मध्ये स्वतःच्या नावाचं थिएटर काढलं. 1906 ला तो चक्क ओदेओंचा संचालक झाला. तिथेही नवी नाटकं आणि भव्य निर्मिती यांत पैसा ओतला आणि 1914 ला कर्जातच बाहेर पडला.

मग साठीच्या उंबरठ्यावर हा माणूस सिनेमाकडे वळला. स्टुडिओत पडदे लावून शूटिंग करायचा जमाना होता, आणि हा कॅमेरा घेऊन शेतात, नदीवर जायचा. 1920 मध्ये त्याने कालव्यांवर माल वाहणाऱ्या एका कुटुंबावर सिनेमा केला, खऱ्या नावांवर आणि खऱ्या पाण्यात. पाते कंपनीला वाटलं हा सिनेमा नाहीच, माहितीपट आहे. त्यांनी तो प्रदर्शित न करता ठेवून दिला.

आंत्वान नंतर समीक्षा लिहीत राहिला आणि 1943 मध्ये गेला. त्या सिनेमाची रिळं पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात सापडली, ती नव्याने जुळवली गेली आणि 1984 मध्ये, म्हणजे शूटिंगनंतर चौसष्ट वर्षांनी, तो लोकांसमोर आला.