पंडिता रमाबाई आणि हितचिंतकांचे सल्ले

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मंडळ्यांत मुलीने पुढे शिकावे की नाही, विधवेने कोठे राहावे, असा प्रश्न निघाला म्हणजे सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. त्यांतील बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो. म्हणूनच त्यांस नाही म्हणणे जड जाते. पंडिता रमाबाईंस हा प्रसंग जन्मभर आला.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या माउलीने ती विद्या कन्येस दिली. १८७४ साली दुष्काळाच्या हालांत आईबाप वारले. पुढे भाऊही गेला. १८८० साली बाईंनी परजातीतील बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला, आणि दोन वर्षांच्या आत त्यांस वैधव्य आले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास असता मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आसरा देणाऱ्या या भगिनींची अपेक्षा अशी की, नव्या विश्वासिनीने धर्माच्या बाबतींत वडीलधाऱ्यांचे निमूटपणे ऐकावे. बाई शास्त्र स्वतः वाचीत, शंका विचारीत, आणि न पटल्यास तसे स्पष्ट लिहून कळवीत. पुरोहितांचे एक जू उतरविले ते दुसरे घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची धारणा होती. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हाही भगिनींस ते रुचले नाही. परंतु त्याच देशात हिंदी विधवांच्या शाळेसाठी साहाय्यक मंडळ उभे राहिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. येथे दोन्हींकडून ओढाताण सुरू झाली. शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवीत नाहीत म्हणून कित्येक मिशनरी नाराज (आमच्याच पक्षाचा हा दोष सांगितला पाहिजे). तर बाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करतात व मुली तेथे येऊन बसतात, म्हणून पुणेकर संतप्त. दार लावून घेतले असते तर तंटा मिटला असता. पण मुलींस बोलवावयाचे नाही आणि येणारीस हाकलावयाचेही नाही, हा आपला निर्णय बाईंनी बदलला नाही. १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे थोर सल्लागार दूर झाले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या दिवसांत बाईंस किती एकाकी वाटले असेल, याची कल्पना आम्हांस करवत नाही. मात्र आपल्याला सर्व कळले असेही त्यांनी कधी मानले नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, आपणास धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळावयाचा राहिला, हे त्यांनी स्वतःच ओळखले होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, व सुमारे तीनशे मुलीबायांस घेऊन आल्या. केडगाव येथील मुक्तिसदन त्यांतून वाढले.

अखेरच्या वर्षांत, प्रचलित मराठी पवित्र शास्त्र खेड्यातील बायांस कळत नाही असे पाहून, या संस्कृत पंडितेने हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या बोलीत नवे भाषांतर केले. केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनातील स्त्रियाच त्याचे खिळे जुळवीत. १९२१ साली मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला.