६१ चे कोडे आणि पाटणचा शिलालेख

अशी संख्या शोधा, जिच्या वर्गाला ६० ने गुणून त्यात १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल. उत्तर ४: साठ गुणिले सोळा अधिक एक म्हणजे ९६१, ३१ चा वर्ग. साठऐवजी ६२ घेतले तर उत्तर ८. मग ६१ चे उत्तर? सर्वांत लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०! मिळणारा वर्ग असतो १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा.

हे उत्तर भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात दिले. त्यांचा जन्म १११४ चा. सह्याद्रीच्या कुशीतले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनीच लिहिले आहे. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. लीलावतीच्या हुकलेल्या लग्नमुहूर्ताची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण ती आली फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरातून.

एवढी मोठी संख्या एकेक ताळा करून सापडणे शक्य नव्हते. भास्कराचार्यांनी वापरली ती चक्रवाल पद्धत. आठाचा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, इथून सुरुवात. ठरावीक नियमाने पुढची जोडी येते ३९ आणि ५: ३९ चा वर्ग १५२१, तर पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५. फरक फक्त ४ चा. पुढे ब्रह्मगुप्तांच्या गुणाकाराच्या नियमाने ही जोडी स्वतःशीच जुळवत गेले की २९,७१८ आणि ३,८०५ येतात, फरक १ चा. आणखी एकदा जुळवले की उत्तर हाती! पद्धत सर्वस्वी त्यांची नव्हे. जयदेव नावाच्या गणितज्ञाने ती आधीच मांडली होती. पण ६१ सारखे अवघड उदाहरण निवडायला जाण लागते. या दोन मोठ्या संख्यांचा भागाकार केला तर ६१ चे वर्गमूळ दशांशानंतर १७ अंकांपर्यंत अचूक मिळते.

याच ६१ ने फ्रान्सच्या फर्मा यांनाही गाठले. त्यांनी १६५७ मध्ये हे कोडे इतर गणितज्ञांपुढे टाकले, म्हणजे पाचशे वर्षांनी.

भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले ते ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. (संत ज्ञानेश्वरांच्या कथेतले चांगदेव वेगळे.) आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या नातवाने पाटणला मठ काढला. त्या काळी ग्रंथ टिकायचा तो शिकवला गेला तरच. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये मठाला दान दिले, आणि ते दगडावर कोरले गेले. पैठणहून संभाजीनगर, कन्नड करत घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीचे रान लागते. ते पाटण इथलेच. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा या घराण्याच्या पिढ्या पुन्हा उजेडात आल्या.