गणिताकडून बोलींकडे : युआन रेन चाओ

गणित-फिजिक्स शिकलेला माणूस भाषेच्या नादी लागला तर काय होतं? माझ्या मते, त्याचा युआन रेन चाओ होतो! मी पडले कॉन्व्हेंटची, भाषाशास्त्रातले जड शब्द मला येत नाहीत, म्हणून साधंच सांगते.

चाओंचा जन्म १८९२ साली चीनमधल्या तिआनजिनचा. घराणं मूळ दक्षिणेकडच्या चांगचौचं, पण सुरुवातीचं लहानपण उत्तरेत गेलं. त्यामुळे दोन्हीकडच्या बोली लहानपणीच कानांवर पडल्या. १९१० साली स्कॉलरशिप मिळवून ते अमेरिकेत कॉर्नेलला गेले. १९१४ साली गणिताची डिग्री, १९१८ साली हार्वर्डची तत्त्वज्ञानातली पीएच. डी. आणि मग कॉर्नेलमध्येच फिजिक्स शिकवण्याची नोकरी. म्हणजे करिअर एकदम सेट!

पण कान स्वस्थ बसू देईनात. १९२० साली ते चीनला परतले आणि बर्ट्रांड रसेल यांचे दुभाषी झाले. लेक्चरसाठी चांगशाला जाताना त्यांनी बोटीवरच्या सहप्रवाशाकडून हुनानची बोली शिकून घेतली आणि तिच्यातच भाषांतर केलं. ऐकणाऱ्या एका विद्यार्थ्याला तर ते हुनानचेच वाटले!

आता मुख्य मुद्दा. राजधानीची भाषा तेवढी खरी आणि बाकीच्या बोली म्हणजे तिची बिघडलेली रूपं, असं आपण सहज धरून चालतो. चाओंनी असं काही धरलं नाही. त्यांनी डेटा गोळा केला! १९२७ साली शांघायच्या आसपासच्या दोन प्रांतांत फिरून ३३ ठिकाणच्या 'वू' बोली टिपल्या आणि १९२८ साली पुस्तक काढलं. त्या बोलींत आपल्या प, फ, ब सारखे तीन वेगळे आवाज आहेत. इसवी सन ६०१ च्या 'छिएयुन' कोशातही हे तिन्ही वेगळे दाखवलेत. बीजिंगच्या बोलीत मात्र 'ब' उरलेला नाही. तसंच कँटनचं. तिथे सहाला 'लुक' म्हणतात, बीजिंगमध्ये शेवटचा 'क' गळून पडला आणि 'ल्यो' राहिलं. उलट, जीभ वळवून म्हणायचे काही जुने आवाज बीजिंगने जपले, कँटनने सोडले. थोडक्यात, या सगळ्या बहिणी आहेत आणि आजीचा एकेक दागिना प्रत्येकीकडे आहे.

चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. हे सूर लिहायचे कसे? १९३० साली चाओंनी एका उभ्या रेषेवर पाच पातळ्या धरून चिन्हं सुचवली. अगदी आपल्या ग्राफसारखी! भाषांचे अभ्यासक ती आजही वापरतात.

१९३८ साली, युद्ध चालू असताना, त्यांनी चीन सोडला. पुढे बरीच वर्षं अमेरिकेत बर्कलेला शिकवलं. १९८२ साली ते गेले.

आपल्या होस्टेलवरही प्रत्येक जण आपापल्या गावची बोली घेऊन येतो. कुणाचा एखादा शब्द ऐकून हसू आलं, तर आधी तो नीट ऐका. काय सांगावं, आपण हरवलेलं काहीतरी त्याच्याकडे शिल्लक असेल!